शून्याचा मानकरी

१९३० चा उन्हाळा इंग्लंडने जणू डॉन ब्रॅडमनच्या स्वाधीन केला होता. पाच कसोटी सामन्यांत ९७४ धावा, त्यांतल्या ३३४ लीड्सच्या एकाच डावात, असा पराक्रम करून हा एकवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने व्यापून बसला असता, त्याच हंगामात सॉमरसेट काउंटीकडून पाच सामने खेळलेला सेमूर क्लार्क नावाचा यष्टिरक्षक नऊ वेळा फलंदाजीस उतरला आणि त्याने एकही धाव काढली नाही, ही गोष्ट त्या गदारोळात कितीजणांच्या ध्यानी आली असेल, कोण जाणे! प्रथम श्रेणीच्या क्रिकेटचे दफ्तर मात्र मोठे चिकट. सबंध कारकीर्दीत शून्यावरच राहून सर्वाधिक डाव खेळल्याचा विक्रम तेथे क्लार्कच्या नावे रुजू झाला.

हा वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावचा रेल्वे कामगार, आगगाडीच्या इंजिनावरचा माणूस. क्रिकेटकडे तो वळला तोच मुळी पंचविशीच्या सुमारास. सॉमरसेटचा नेहमीचा यष्टिरक्षक वॉली लक्स आजारी पडला, तेव्हा बदली म्हणून त्याला पाचारण करण्यात आले. सॉमरसेट ही शेतकऱ्यांची, गरीब आणि विजेतेपदाचे तोंडही न पाहिलेली काउंटी असल्यामुळे अशी ऐनवेळची भरती तेथे नित्याचीच होती. संघाचा कप्तान जे. सी. व्हाइट हा स्वतः शेतकरीच. त्याची संथ डावखुरी गोलंदाजी झेलण्यासाठी यष्टींमागे भरवशाचे हात हवे होते, आणि ते क्लार्कपाशी होते. बॅटची गोष्ट निराळी. एसेक्सच्या पीटर स्मिथने केवळ दयाबुद्धीने, याच्या नावावर एक धाव तरी लागावी म्हणून, दोन टप्पे पडतील असा चेंडू टाकला आणि क्लार्क त्यावरही त्रिफळाचित झाला, असे सांगतात. आख्यायिकेत तिखटमीठ असेल. पण यष्टिरक्षणासाठी बोलावलेल्या माणसाची इतिहासाने केवळ फलंदाजी तेवढी स्मरणात ठेवावी, हा न्याय मला तरी पटत नाही.

कारण सॉमरसेटला तो नकोसा झाला नव्हता. त्याला पुढे करार देऊ करण्यात आला, आणि तो नाकारून त्याने रेल्वेची चाकरी पसंत केली. करार म्हणजे पगारी खेळाडूचे जिणे, आणि त्या काळी हौशी खेळाडू आणि धंदेवाईक खेळाडू यांच्यात सोवळेओवळे इतके कडक होते, की छापील धावपत्रिकेत हौशी गृहस्थाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत, पगारी खेळाडूची नंतर; कित्येक मैदानांवर कपडे बदलण्याच्या खोल्याही अलग असत. पगारी खेळाडूला उन्हाळाभर मेहनताना मिळे, हिवाळ्यात पुष्कळांना दुसरे काम शोधावे लागे, आणि म्हातारपणाची तरतूद बहुतांशी एका मदत सामन्यावर, म्हणजे ज्याचे उत्पन्न त्या खेळाडूला मिळे अशा सामन्यावर, अवलंबून असे, जो मंजूर करणे काउंटीच्या मर्जीवर आणि फळास येणे पावसाच्या मर्जीवर. सॉमरसेटच्याच बर्टी ब्यूजला हा सामना १९५३ साली बाथ येथे लँकेशायरविरुद्ध मिळाला. सामन्याचा खर्च ज्याच्या मदतीसाठी तो असे त्यानेच सोसावा, असा रिवाज होता. आणि खेळपट्टी अशी काही निघाली, की तीन दिवसांचा तो सामना पहिल्याच दिवशी आटोपला. त्यात लँकेशायरचे सहा गडी ब्यूजनेच बाद केले होते.