रेल्वेच्या शाळेतून विद्यापीठ

चीनची महाभिंत समुद्राला भिडते त्या शानहायग्वान गावी १८९६ मध्ये रेल्वे अभियंते घडवणारी एक शाळा निघाली. चेंगडूच्या नैर्ऋत्य जिआओतोंग विद्यापीठाचे हे मूळ. १९०० मध्ये परकीय फौजांच्या स्वारीत शाळा बंद पडली आणि १९०५ मध्ये तांगशानला पुन्हा सुरू झाली. तिथल्या स्थापत्य शिक्षणाचा कस माओ यिशेंग या विद्यार्थ्याने दाखवून दिला. हांगचौजवळ छ्येनथांग नदीवर त्यांनी बांधलेला रेल्वे व रस्त्याचा पूल १९३७ मध्ये पुरा झाला. जपानी सैन्याला तो वापरता येऊ नये म्हणून त्याच वर्षी तो उडवून देण्यात आला. पुढे तो पुन्हा उभा राहिला.

चीनमधील उच्च शिक्षणसंस्थांच्या १९५२ च्या फेररचनेत खाणकाम, धातुशास्त्र असे विभाग इतर संस्थांकडे गेले आणि इथे मुख्यतः रेल्वे उरली. संस्थेचे अंग त्यामुळे आक्रसले, पण एका विषयात खोलवर जाण्याची सवय याच काळात पक्की झाली. चीनच्या पहिल्या विद्युत रेल्वेमार्गासाठी कोणती वीजप्रणाली घ्यावी, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. येथील प्राध्यापक त्साओ च्येनयो यांनी २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती विजेचा आग्रह धरला. दाब जास्त असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो. साहजिकच तारा हलक्या चालतात आणि उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. १९६१ मध्ये छिनलिंग पर्वताच्या चढणीवरचा बाओजी-फंगचौ टप्पा याच प्रणालीवर धावू लागला. चिनी रेल्वेने पुढे हीच प्रणाली स्वीकारली.

१९६४ मध्ये संस्थेला सिचुआनमधील अमेई येथे हलवण्याचा निर्णय झाला, १९७२ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि १९८९ मध्ये मुख्य ठाणे चेंगडूला आले. शैक्षणिक झेप खरी इथून. येथील प्राध्यापक शेन चियुन यांच्या पुढाकाराने उभारलेल्या प्रयोगशाळेत डबा जागीच राहतो आणि चाके फिरत्या रोलरांवर वेगाने धावतात. त्यामुळे नव्या गाडीची डळमळ मार्गावर उतरण्याआधीच मोजता येते. गाडी आणि रूळ यांचा अभ्यास पूर्वी बहुधा वेगवेगळा होई. येथीलच चाय वानमिंग यांनी दोहोंना एकच यंत्रणा मानून गणित मांडले. चीनच्या अतिवेगवान रेल्वेला याचा मोठा आधार मिळाला.

२०१७ मध्ये चीन सरकारने जागतिक दर्जाच्या उभारणीसाठी निवडलेल्या विद्याशाखांच्या यादीत येथील वाहतूक अभियांत्रिकीचा समावेश झाला. २०२१ मध्ये चेंगडूत, विद्यापीठाच्या सहभागाने विकसित झालेल्या, अतिवाहक चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीचा नमुना सादर झाला. तिचा संकल्पित वेग ताशी ६२० किलोमीटर आहे.