सरकारी विज्ञानाला वारजेकर हवे आहेत

पुण्यातल्या वारज्याच्या टेकडीवरची वनखात्याची १६.८ हेक्टर जमीन दहा-बारा वर्षांपूर्वी उजाड होती. वनखाते, स्वयंसेवी संस्था आणि आसपासचे रहिवासी यांनी मिळून तिथे झाडे जगवली. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशभरात २०० नगरवनांची योजना जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून वारज्याचेच नाव पुढे केले. त्या वेळच्या सरकारी पत्रकात इथल्या जीवसृष्टीची मोजदादही होती : वनस्पतींच्या २३ जाती, पक्ष्यांच्या २९, फुलपाखरांच्या १५, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १० आणि सस्तन प्राण्यांच्या ३. ही यादी महत्त्वाची आहेच, पण ती एका वेळची आहे. झाडे उंच होतात, सावली दाटते, तसे उघड्या माळावरचे पक्षी निघून जातात आणि फळांवर जगणारे येतात. नगरवनाने खरोखर काय साधले, हे सांगायचे तर तीच मोजणी दर आठवड्याला, त्याच वाटेवर, पुढची वीस वर्षे व्हायला हवी. कोणत्याही सरकारी खात्याला एका टेकडीसाठी इतकी माणसे नेमता येणार नाहीत. रोज सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्यांना मात्र हे जमण्यासारखे आहे.

विज्ञान आणि सामान्य माणूस यांच्या नात्याचा विचार आपण बहुतेक वेळा प्रेक्षक म्हणूनच करतो. रॉकेटचे उड्डाण दूरदर्शनवर पाहायचे, विज्ञान दिनाला प्रयोगशाळा बघायला जायचे, प्रश्नमंजूषेत भाग घ्यायचा. संस्थाही या गोष्टींना ‘जनजागृती’ म्हणतात आणि अहवालात शेवटच्या प्रकरणात टाकतात. यात वाईट काही नाही. पण विज्ञानातले काही प्रश्न असे आहेत की, ते लोकांच्या हाताशिवाय आणि डोळ्यांशिवाय सुटतच नाहीत. फार मोठ्या प्रदेशावर पसरलेले, फार वर्षे चालणारे किंवा लाखो चित्रे नजरेखालून घालावी लागणारे प्रश्न या जातीचे. अशा ठिकाणी लोकांना बोलावणे ही संशोधनाची गरज असते आणि सरकारी संस्थांनी त्यासाठी तशीच तजवीज केली पाहिजे.

पावसाचेच बघा. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या वर. शहराच्या आतही फरक कमी नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगराकडून आंबिल ओढ्याला पूर आला, पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली, आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेतला आकडा त्या ओढ्याच्या माथ्यावर काय कोसळले ते सांगू शकत नव्हता. असाच अनुभव अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स शहराने २८ जुलै १९९७ रोजी घेतला. शहराच्या एका बाजूला साडेतीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, काही किलोमीटरवर जेमतेम पन्नास, आणि पाच जणांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या हवामानशास्त्रज्ञांनी नागरिकांच्या अंगणात साधी पर्जन्यमापके बसवायला सुरुवात केली. आज त्या जाळ्यात वीस हजारांहून अधिक निरीक्षक आहेत आणि अमेरिकेची सरकारी हवामान सेवा पुराचा इशारा देताना त्यांचे आकडे वापरते. आपल्या हवामान खात्यानेही पाऊस, गारपीट, वीज यांची खबर नागरिकांकडून घेण्याची सोय केली आहे. ती चांगली आहे, पण ती घटना घडल्यावर कळवण्यापुरती आहे. रोजच्या मोजणीचे जाळे ही वेगळी गोष्ट. मापक गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवायचे, सकाळी साडेआठला, म्हणजे खात्याच्याच वेळेला, नळीतल्या पाण्याची पातळी डोळ्यासमोर धरून खालच्या वक्राशी वाचायची, आणि पाऊस पडला नसेल तर ‘शून्य’ असे लिहायचे. कोरी जागा आणि शून्य यांत शास्त्राच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुठेच्या एका काठाला वारजे, दुसऱ्या काठाला सिंहगड रस्ता, वरच्या अंगाला खडकवासला. या पट्ट्यातल्या पन्नास गच्च्यांवर अशी नोंद झाली, तर धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचे किती पाणी नदीत येते याचा अंदाज आजच्यापेक्षा पुष्कळ नेमका होईल.

अंतराळविज्ञानात सामान्य माणसाला काय करता येणार, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला मिळते. तिथली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, ही डॉ. गोविंद स्वरूप यांची निर्मिती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झला जवळजवळ ९० टक्के आकाश पाहून घेतले आणि त्यातून सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी तयार झाली. २०१६ पासून ती सर्वांना खुली आहे. एवढ्या कमी कंप्रतेला महत्त्व आहे. दीर्घिकेच्या केंद्रातले महाकाय कृष्णविवर दोन विरुद्ध दिशांना विद्युतभारित कणांचे झोत फेकते आणि त्यांचे लाखो प्रकाशवर्षे पसरलेले फुगवटे रेडिओलहरींत चमकतात. झोत थांबला की सर्वाधिक ऊर्जेचे कण आधी थंडावतात. जास्त कंप्रतेला तो फुगवटा दिसेनासा होतो, कमी कंप्रतेला मात्र बराच काळ दिसत राहतो. म्हणजे खोडदच्या चित्रांत विझलेल्या कृष्णविवरांचा भूतकाळ साठलेला आहे. तो वाचायला सहा लाख ठिकाणी डोळे फिरवणारी माणसे हवीत, आणि देशात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आहेत मूठभर.

मुंबईच्या मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रातले डॉ. आनंद होता यांनी १५ एप्रिल २०१३ रोजी ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम सुरू केला तो याच अडचणीवर. विज्ञानाची पदवी घेतलेले किंवा घेत असलेले तरुण आधी शिकतात, मग काम करतात. काम असे : एकाच आकाशतुकड्याची दृश्य, अवरक्त आणि अतिनील चित्रे रंगवून एकावर एक ठेवायची आणि त्यावर खोडदच्या रेडिओचित्राच्या समतीव्रता रेषा चढवायच्या. सरळ प्रकरणात मधोमध दीर्घिका दिसते आणि दोन बाजूंना दोन फुगवटे. जिथे फुगवटा एकच आहे, किंवा वाकला आहे, किंवा मधोमध दीर्घिकाच नाही, तिथे थांबायचे आणि प्रश्न विचारायचा. या पद्धतीने सापडलेली ‘रॅड-१२’ ही जोडी २०२२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात एक दीर्घिका आपला एकमेव फुगवटा थेट शेजारच्या दीर्घिकेवर सोडते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच गटाने एकमेकांना छेदणारी दोन रेडिओवर्तुळे जाहीर केली. ‘विचित्र रेडिओवर्तुळे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोष्टींतली ही सर्वांत दूरची. तिथून निघालेले तरंग विश्वाचे वय आजच्या निम्मे होते तेव्हाचे आहेत. त्या शोधासाठी युरोपातल्या लोफार दुर्बिणीची खुली माहिती वापरली होती.

माहिती खुली असणे, हीच या साऱ्याची पहिली अट. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम लँडर चंद्रावर आदळले. नासाने चंद्राभोवती फिरणाऱ्या आपल्या यानाने टिपलेले त्या जागेचे चित्र २६ सप्टेंबरला सर्वांसाठी ठेवले. चेन्नईतले अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी आधीचे आणि नंतरचे चित्र बिंदूबिंदूने ताडून पाहिले, आधी नसलेला एक ठिपका हेरला आणि नासाला कळवले. डिसेंबरच्या सुरुवातीला नासाने तो विक्रमचाच अवशेष असल्याचे मान्य करून श्रेय त्यांना दिले. इस्रोचे म्हणणे होते की, आपल्या ऑर्बायटरने विक्रमची जागा १० सप्टेंबरपूर्वीच शोधली होती. ते खरे मानले तरी मुद्दा शिल्लक राहतो : ते चित्र लोकांसमोर नव्हते, म्हणून एका भारतीय माणसाला भारतीय यानाचे अवशेष परदेशी चित्रांत शोधावे लागले. त्यानंतर इस्रो बदलली आहे, हेही नोंदवले पाहिजे. चांद्रयान-२ ची माहिती डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने खुली झाली, चांद्रयान-३ ची २३ ऑगस्ट २०२४ रोजी. २०२३ च्या अंतराळ धोरणाने पाच मीटर किंवा त्याहून ढोबळ विभेदनाची उपग्रहचित्रे मोफत आणि खुली ठेवण्याचे मान्य केले. जीएमआरटीची निरीक्षणे साधारण १८ महिन्यांनी सर्वांना मिळतात. सुरक्षेचे कारण काही चित्रांना लागू पडते, चंद्राला आणि दीर्घिकांना पडत नाही.

सर्वांत जुना आक्षेप अचूकतेचा. अप्रशिक्षित माणूस चुकतो, आणि चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट, असे संशोधक म्हणतात. चुका होतात हे खरे, पण त्या धरता येतात. एकच चित्र अनेकांना दाखवले की मतांचा कल दिसतो. शेजारच्या दहा मापकांत एकच आकडा वेगळा असला की तो उठून दिसतो. २०२३ चा भारतीय पक्ष्यांचा स्थितिदर्शक अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात भारतीय वन्यजीव संस्था आणि प्राणी सर्वेक्षण विभाग या सरकारी संस्थाही सहभागी होत्या. ९४२ जातींचा विचार झाला, आणि ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत असे दिसले. हा निष्कर्ष कोणत्याही एका खात्याला स्वतःच्या बळावर काढता आला नसता. याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे : नोंदी करणारे लोक शहरी, शिकलेले, इंग्रजी जाणणारे असतात, म्हणून माहितीही त्यांच्याच वस्त्यांची जमते. हा दोष खरा आहे. गणिताने तो काही प्रमाणात भरून काढता येतो, पुरता नाही. त्याला उपाय एकच, सूचना, तक्ते आणि प्रशिक्षण मराठीत असणे. वारज्यात महामार्गाच्या कडेच्या सोसायटीतला अभियंता आणि माळवाडीतली गृहिणी दोघेही पर्जन्यमापक वाचू शकतात. तक्ता इंग्रजीत असला तर एकच जण वाचतो.

आता हे सारे काम संगणक करील, असेही म्हटले जाते. बरेचसे करीलही. पण यंत्राला जे दाखवून शिकवले तेच ते ओळखते, आणि शिकवण्यासाठीची उदाहरणे आधी माणसांनीच निवडलेली असतात. ती विचित्र रेडिओवर्तुळे पहिल्यांदा २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या चित्रांत माणसाच्या नजरेलाच दिसली. असे काही असू शकते हेच ठाऊक नसल्याने, ते शोधायची आज्ञा यंत्राला कोणी दिली नव्हती.

फुकट राबवून घेण्याचा आरोप मला सर्वांत योग्य वाटतो. सरकारी संस्थेने नागरिकाकडून वर्षानुवर्षे नोंदी घ्यायच्या आणि शोधनिबंधात ‘स्वयंसेवकांचे आभार’ एवढ्यावर भागवायचे, हे बरोबर नाही. हॉलंडमधल्या शिक्षिका हॅनी व्हान आर्केल यांनी २००७ मध्ये दीर्घिकांच्या चित्रांत एक अनोळखी हिरवट ढग दाखवून दिला, त्याला आज जगभर त्यांचेच नाव आहे. श्रेय, उत्तर आणि निष्कर्षाची प्रत, एवढे तरी नोंद करणाऱ्याला मिळालेच पाहिजे. त्यासाठी संस्थेत एका शास्त्रज्ञाचा वेळ याच कामासाठी राखून ठेवावा लागतो आणि बढतीच्या वेळी तो धरावा लागतो. आज तो धरला जात नाही, म्हणून असे उपक्रम एकेका माणसाच्या जिद्दीवर चालतात.

एका माणसावर चालणाऱ्या कामाचे काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. १८८८ मध्ये इथल्या सरकारी सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. वीस इंची आरशाची तिची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. शंभर वर्षांनी त्याच महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह बनवला. आठ वर्षे बॅचमागून बॅच त्यावर राबत राहिली आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने तो कक्षेत सोडला. हॅम रेडिओवाल्यांना संदेश पाठवता यावेत, हे त्याचे काम होते. जुनी मुले बाहेर पडत होती, नवी येत होती, आणि प्रकल्प टिकला. १९४४ पासून चालू असलेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्थाही हौशी मंडळींच्याच जोरावर टिकली आहे. संस्थांनी लोकांना हाताशी धरावे ते यासाठीही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते आणि आसपासच्या शाळांची मुले तिथे प्रयोग मांडतात. पुढच्या वेळी गेलात तर तबकड्यांचा फोटो काढण्याबरोबर तिथल्या शास्त्रज्ञाला एवढे जरूर विचारा : तुमच्याकडची कोणती चित्रे अजून कोणी पाहिलेली नाहीत, आणि ती मला कधी पाहायला मिळतील? हाच प्रश्न हवामान खात्याच्या पुण्यातल्या शिमला ऑफिसला पावसाबद्दल विचारा आणि वनखात्याला नगरवनातल्या पक्ष्यांबद्दल. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि तोवर वही घालून नोंदी सुरू करा.