स्लॅबसाठी खडी पारखून घ्या

बेंबळी परिसरात माती-मुरमाखाली काळा पाषाण लागतो. विहीर खोदली की त्याचे ढीग काठावर पडतात आणि गोठा, हौद किंवा घराचा स्लॅब काढताना हाच दगड फोडून वापरावा असे अनेकांच्या मनात येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर काँक्रीटची बांधकामे वाढली. तेव्हा डोक्यावरच्या स्लॅबमध्ये कोणती खडी जाते, हे शेतकरी बंधूंनी स्वतः पाहावे. सर्व मिस्त्रीवर सोपवू नये.

विहिरीतील सगळा दगड सारखा नसतो. हातोडा मारल्यावर खणखणीत वाजणारा, घट्ट काळा दगड खडीस उत्तम. छिद्रे असलेला, पांढऱ्या गारांचे ठिपके असलेला, तांबूस किंवा हाताने भुगा होणारा दगड स्लॅबसाठी घेऊ नये. असा दगड पाणीही जास्त शोषतो. तो रस्त्याच्या भरावास वापरावा.

घट्ट पाषाण हा काँक्रीटपेक्षा कितीतरी पट मजबूत असतो. त्यामुळे साध्या कामातील काँक्रीट दगडातून फुटण्याऐवजी बहुधा दगड आणि मसाला जेथे चिकटतात तेथे सुटते. म्हणूनच दगड चांगला असूनही स्लॅब कच्चा राहू शकतो. खडीवर काळ्या मातीचा किंवा क्रशरच्या भुकटीचा लेप असेल तर सिमेंट दगडाला धरत नाही. एक पाटी सिमेंट जास्त टाकले म्हणजे भागते, हा समज चुकीचा आहे. लेप तसाच राहतो. अर्धी बादली स्वच्छ पाणी घेऊन त्यात दोन ओंजळी खडी ढवळावी. पाणी गढूळ झाल्यास सर्व खडी धुऊन घ्यावी.

खडीचा आकारही पाहावा. चौफेर कोनदार तुकडे एकमेकांत चांगले बसतात. चपटे व लांबट तुकडे जास्त असले की माल नीट पसरत नाही आणि गवंडी पाणी वाढवतो. खरे नुकसान येथे होते. जादा पाणी पुढे उडून जाते व त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यास सुमारे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी देऊ नये. ओल्या वाळूतले पाणीही यातच धरावे. उन्हाळ्यात तापलेली खडी मिश्रणातले पाणी ओढते, म्हणून ती आदल्या दिवशी भिजवून निथळू द्यावी.

घराच्या स्लॅबला २० मिलिमीटरपर्यंतची, लहान-मोठी मिसळलेली खडी योग्य. ४० मिलिमीटरची खडी सळयांमध्ये अडकते व खाली पोकळी राहते; ती पायाच्या साध्या काँक्रीटसाठी ठेवावी.

ट्रॅक्टर रिकामा करण्यापूर्वी जागेवर जुने पत्रे अंथरावेत. काळ्या रानात टाकलेल्या ढिगाचा तळाचा थर मातीसकट उचलला जातो, आणि तो बहुधा शेवटच्या घमेल्यांत जातो.