देव नदीपार गेला

आज महाशिवरात्र. आमच्या मुकुटबनात घरोघरी उपवास, पहाटेपासून बिल्वपत्रांची लगबग. त्यासाठी कोणाची अनुज्ञा मागावी लागत नाही. अशा दिवशी कीर्तनाच्या उत्तररंगात मी गोमंतकातील श्रीमंगेशाचे आख्यान लावतो. ‘मंगेशकर’ हे नाव विदर्भात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. पण ते मंगेशी गावावरून पडले आणि तेथील देव मूळचा तेथला नव्हेच, असे सांगताच श्रोते सावरून बसतात.

देवाचे मूळ स्थान अघनाशिनीच्या, म्हणजे आजच्या जुवारी नदीच्या, दक्षिण तीरावरील कुशस्थळी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा बेट जिंकले, १५४३ मध्ये साष्टी व बारदेश घेतले. पुढे देवालये पाडली जाऊ लागली आणि उघड पूजाअर्चेस बंदी आली. तेव्हा १५६० च्या सुमारास भाविकांनी शिवलिंग उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालातील प्रियोळास नेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, अशीच नदीपार गेली.

प्रतिष्ठित लिंग हलवू नये, ही शास्त्रमर्यादा. त्या माणसांना ती ठाऊक नव्हती काय? परंतु पूजा खंडित होणे हा त्याहून मोठा दोष, असे त्यांनी मानले. मला ते यथायोग्य वाटते. देव वाचला, वतनाची शेते मात्र मागे राहिली. शेतांपायी कोणी तेथेच राहिले व धर्मांतरित झाले, कोणी निघाले. एकेका कुळाची अशी दोन कुळे झाली. कित्येक घराणी कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत पोहोचली.

आणखी एक गोष्ट कथेकऱ्याने गाळू नये. अंत्रुज तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होता. आमच्या देवांना आसरा मिळाला तो परधर्मी राजाच्या मुलखात.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरील नार्वे येथील त्याचे देवालय उद्ध्वस्त झाल्यावर ते लिंगही पाणी ओलांडून डिचोली महालात आणले गेले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला. तसा शिलालेख द्वारावर आहे. बेटावरचे नार्वे मागे राहिले खरे, पण देवाच्या नव्या स्थानालाही लोक नार्वेच म्हणतात.