चांदपोल ते बडी चौपड

जयपूरच्या जुन्या शहराबाहेर वायव्येस विद्याधर नगर नावाची वसाहत आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० नंतरच्या दशकात तिची आखणी केली. ज्या विद्याधर भट्टाचार्यांचे नाव या वसाहतीस मिळाले, ते आमेरच्या दरबारी हिशेबाच्या कामावर असलेले बंगाली ब्राह्मण होते. सवाई जयसिंहाने १७२७ साली नवी राजधानी वसविण्यास आरंभ केला, तेव्हा नगररचनेचा भार प्रामुख्याने त्यांच्यावर आला. त्यांचे काम समजून घ्यावयाचे असेल, तर तटबंदीच्या आतील शहरातून पायी चालण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

पश्चिमेच्या चांदपोल दरवाज्यातून आत शिरताच समोर सरळ राजमार्ग दिसतो. तो थेट पूर्वेच्या सूरजपोलपर्यंत जातो. हा रस्ता नेमका पूर्व-पश्चिम नाही. तो किंचित कललेला आहे. त्याचे कारण व्यावहारिक आहे. येथील जमिनीचा उंचवटा याच दिशेने पसरलेला असून त्याच्या माथ्यावरून रस्ता नेल्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंस वाहून जाते. शास्त्रानुसार नगराचे नऊ चौकोन कल्पिले होते. परंतु वायव्येस डोंगर आडवा आला. तेव्हा तेथे न सामावणारा भाग पूर्वेच्या बाजूस काढण्यात आला. शास्त्र आणि भूमी यांची अशी सांगड घालण्यातच विद्याधरांचे कौशल्य दिसते.

सुमारे आठशे मीटर गेल्यावर छोटी चौपड लागते. दोन मोठे रस्ते येथे काटकोनात छेदतात आणि मध्ये प्रशस्त चौक तयार होतो. या चौकांत पूर्वी पाण्याची कुंडे होती. २०२० पासून खालून भुयारी रेल्वे धावते; तिच्या खोदकामात त्या कुंडांचे अवशेष उघडे पडले.

येथून पुढचा रस्ता म्हणजे त्रिपोलिया बाजार. डाव्या हातास राजवाड्याचा परिसर आहे, तर उजव्या हातास एकसारख्या दुकानांची ओळ. थोड्याच अंतरावर ईसरलाट हा सात मजली मनोरा घरांच्या वर डोके काढून उभा दिसतो. भाऊबंदकीच्या युद्धात १७४७ साली राजमहल येथे मिळालेल्या विजयाचे स्मारक म्हणून ईश्वरीसिंहाने तो बांधविला. पराभूत पक्षात मराठ्यांची तुकडीही होती. पण विजय टिकला नाही. खंडणीच्या तगाद्यापायी मल्हारराव होळकरांची फौज जयपूरवर चालून आली, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहाने आत्मघात केला. लगेच पुढच्या महिन्यात शहरवासीयांचा संताप उसळला आणि शहरात आलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशाने या मनोऱ्यापाशी क्षणभर थांबावे. येथे दोन्ही बाजूंचे दुःख एकाच रस्त्यावर सांडलेले आहे.

त्रिपोलिया दरवाजा मागे टाकून बडी चौपड गाठली की उजवीकडे जौहरी बाजार आणि डावीकडे सिरेड्योढी बाजार लागतो. डावीकडे वळताच हवामहलाची पाच मजली दर्शनी भिंत दिसते. सवाई प्रतापसिंहाने ती १७९९ साली उभारली. पडद्यातील स्त्रियांना रस्त्यावरील मिरवणुका पाहता याव्यात, ही त्यामागील योजना.

याच रस्त्यावरील ड्योढीतून आत गेले असता जलेब चौक व पुढे जंतरमंतर वेधशाळा लागते. तेथील सम्राट यंत्राची सावली डोळ्यांदेखत सरकते. मिनिटाला ती सुमारे सहा सेंटिमीटर अंतर कापते. जयसिंहाच्या विद्वन्मंडळात जगन्नाथ पंडित हे महाराष्ट्रीय होते. युक्लिडचा भूमितिग्रंथ त्यांनी अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला. म्हणजे तलवारीच्या कितीतरी आधी मराठी विद्वत्ता या दरबारी पोहोचली होती.

जंतरमंतर २०१० साली आणि तटबंदीच्या आतील शहर २०१९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. या वारशाचे खरे स्वरूप एखाद्या महालापुरते नाही. रस्त्याची रुंदी, दुकानांची सारखी उंची आणि मोकळे चौक यांच्या परस्पर प्रमाणातच ते सामावलेले आहे. एक अनाठायी मजला चढला, एक ओटा पुढे सरकला, की ते प्रमाण ढळते. म्हणून त्याचे रक्षण पुरातत्त्व खात्याइतकेच रोज दुकान उघडणाऱ्या नागरिकाच्या हाती आहे.