रिकाम्या सीटांची उंची

नवी सेदान घरी आली की काही मालकांच्या डोळ्यांना सगळ्यात आधी खुपते ती मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट. चार बोटं सहज आत जातील एवढी ती असते. फोटोत रस्त्याला चिकटलेली दिसणारी गाडी दारात उभी राहिली की टाचा उंचावल्यासारखी वाटते. मग गॅरेजमध्ये विचारणा होते, गाडी जरा खाली बसवता येईल का? येते. लोअरिंग स्प्रिंगा घातल्या तर तीस-चाळीस मिलिमीटर, कॉइलओव्हर घातले तर त्याहूनही जास्त, आणि पैसे वाचवायचे असतील तर आहे त्याच स्प्रिंगचा एखादा वेढा ग्राइंडरने कापून. या हौसेला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. खाली बसलेली सेदान खरोखर देखणी दिसते, आणि देखणेपणाची ओढ हा गाडीवरच्या प्रेमाचाच भाग आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की ती फट रिकामी जागा नाही. कुटुंबाच्या गाडीत ती अजून न बसलेल्या माणसांसाठी राखून ठेवलेली असते. एकट्याने गाडी चालवताना ती फालतू वाटते, कारण ज्यांच्यासाठी ती आहे ते त्या वेळी गाडीत नसतात.

आपल्याकडे घरोघरी ओळखीची असलेली होंडा सिटी घेऊ. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २६०० मिलिमीटर, रिकाम्या गाडीचं वजन साधारण ११०० किलो. तिच्यात पाच माणसं आणि गावी न्यायचं सामान भरलं की पावणेचारशे किलो वाढतात, म्हणजे मूळ वजनाच्या एक तृतीयांश. यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. हिशेबासाठी धरू, की मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर ४ किलोला एक मिलिमीटर दबतात. या आकाराच्या गाडीसाठी हे वास्तवाला धरून आहे. मागे तीन मोठी माणसं आणि डिकीत बॅगा मिळून २०० किलो चढले, की मागची बाजू ५० मिलिमीटर खाली जाते. रिकामी गाडी उभी असताना चाकाला बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटचा धक्का अडवणाऱ्या रबरापर्यंत, ८० मिलिमीटर वाव होता असं मानलं, तर आता ३० उरले. हीच गाडी आधी ४० मिलिमीटरने खाली बसवली आणि स्प्रिंगा तीस टक्के कडक घेतल्या तर? भार आल्यावर ती ३८ मिलिमीटर दबेल. ऐंशीतून चाळीस आणि अडतीस वजा केले की दोन मिलिमीटर शिल्लक राहतात. म्हणजे घरची सगळी मंडळी बसून गाडी फाटकाबाहेर पडते, तेव्हाच मागचं सस्पेन्शन संपलेलं असतं. पुढचा सगळा प्रवास बंप स्टॉपच्या बोटभर रबरी तुकड्यावर.

‘मग स्प्रिंग आणखी कडक घ्या’ हे उत्तर पटकन सुचतं, पण ते फार महाग पडतं. उंचवट्यावर आदळताना स्प्रिंगने पोटात घेतलेली ऊर्जा तिच्या कडकपणाच्या पटीत वाढते, पण दबण्याच्या अंतराच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून दबायला मिळणारं अंतर निम्मं झालं, की तोच धक्का झेलायला स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक लागते. चौपट कडक स्प्रिंगवर गाडीचं डोलणं दुप्पट जलद होतं. साध्या गाड्या सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतात, आणि तो वेग माणसाला मानवतो. सेकंदाला चार ते आठ वेळांची उभी थरथर मात्र माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त बोचते, आणि आपण त्याच दिशेने सरकू लागतो. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा चौपट कडक नसतातच. तशा असत्या तर कोणी घेतल्या नसत्या. म्हणजे उणीव राहते ती राहतेच, आणि ती बंप स्टॉप भरून काढतो.

कापलेल्या स्प्रिंगबद्दल तर वेगळंच बोलायला हवं. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, हे खरं. पण तिचं मूळ टोक खाली ज्या वाटीत आणि रबरात बसावं अशा बेताने वळवलेलं असतं. ग्राइंडरने कापलेलं टोक तिथे नीट टेकत नाही, कडेवर उभं राहतं. चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग वाटीतून सुटते आणि चाक वर येताना तिरकी बसते. काही ठिकाणी कापण्याऐवजी गॅसच्या टॉर्चने तापवून स्प्रिंग खाली दाबून बसवतात. ते त्याहून वाईट, कारण त्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे ती केव्हा मोडेल याचा भरवसा राहत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप वळणांचा आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी भार सरकतो, पकड सुधारते. हे शास्त्र बरोबरच आहे. पण किती सुधारते? गुरुत्वमध्य साधारण ५५० मिलिमीटरवर असेल आणि आपण तो ३० ने खाली आणला, तर सरकणारा भार साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. रोजच्या वेगात एवढा फरक कोणाच्या हाताला लागणार नाही. उलट आपल्या बहुतेक सेदानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, आणि त्यात एक अडचण दडलेली आहे. गाडी खाली बसली की खालचा आर्म आडवा होऊन पुढे उलट्या बाजूला कलतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलंडवू पाहणारा जोर उलट वाढतो. वरून जाणवणारी स्थिरता ही बरीचशी कडक स्प्रिंगची कमाई असते. स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बिघडतो, म्हणून उंचसखल रस्त्यावर चाकं आपोआप किंचित आत-बाहेर वळत राहतात. अलाइनमेंट परत केली नाही तर टायर आतल्या कडेने झिजतात. आणि वळणात नेमकं मागचं बाहेरचं चाक बंप स्टॉपला टेकलं, तर त्या एका टायरवरचा भार एकदम उसळतो आणि गाडीची मागची बाजू सुटू पाहते. पकड वाढावी म्हणून केलेला खर्च असा सर्वांत नाजूक क्षणी पाठ फिरवतो.

रेसच्या गाड्या खाली असतात, मग आपल्या का नसाव्यात, असंही विचारलं जातं. रेसच्या गाडीचं वजन इंधनाच्या टाकीपुरतंच बदलतं. तिला ना आजी असते ना डिकीतला तांदळाचा कट्टा. तिचे आर्म, शॉकअप आणि बंप स्टॉप सगळे त्या उंचीसाठीच आखलेले असतात. अधिक विचार करण्याजोगा मुद्दा असा, की कंपन्याच काही देशांत थोड्या खालच्या स्पोर्ट्स आवृत्त्या विकतात. खरं आहे, पण त्या नुसती स्प्रिंग बदलत नाहीत. स्प्रिंग कडक केली की तिची उसळी आवरायला शॉकअपही त्या मानाने बदलावा लागतो, नाही तर जुना शॉकअप लवकर थकतो. आणि इथल्या रस्त्यांसाठी आखताना त्याच कंपन्या उलट दिशेने जातात. भारतासाठी बेतलेल्या स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या सेदानचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आहे. देखणेपणाची पारख त्या आखणाऱ्यांनाही असणारच. त्यांनी उंची दिली ती रस्ते बघून.

रस्त्यांवर येऊ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनातला गोलसर गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. २६०० मिलिमीटर व्हीलबेसची गाडी त्याच्या बरोबर मधोमध आली, की पोटाखालचे ५० मिलिमीटर तो खातो. पाच जणांच्या भाराने सिटीचं पोट १६५ वरून १३० पर्यंत आलं असेल, तर खाली अजून ८० उरतात. गाडी आरामात जाते. पण गल्लीच्या तोंडाशी रहिवाशांनी रातोरात घातलेला अरुंद, उंच गतिरोधक दोन चाकांच्या मधे पूर्ण मावतो, म्हणजे त्याची सगळी उंची पोटाला भिडते. तिथे कंपनीतून आलेली गाडीही भरलेली असली तर घासते, आणि मागच्यांना खाली उतरवून ती पलीकडे नेण्याचं दृश्य महाराष्ट्रात कोणाला नवं नाही. त्यात ४० मिलिमीटर आणखी कमी झाले, तर दणका बसतो तो इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरला. चेंबरला तडा गेला की काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर येतं, आणि ऑइलचा दिवा दिसूनही गाडी पुढे दामटली तर इंजिनच जातं.

गाडी खाली बसवण्याची हौस जिथे संस्कृती बनली त्या कॅलिफोर्नियातली गोष्ट इथे फार बोलकी आहे. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी डिकीत वाळूच्या गोण्या टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या खाली आणल्या, त्या जोरात पळवायला नव्हे, हळू मिरवायला. चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली नको, असा कायदा तिथे आल्यावर १९५९ मध्ये रॉन अगीरे याने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक भाग लावले, म्हणजे बटण दाबलं की गाडी वर. ज्यांच्या प्रेमाबद्दल शंका घेता येणार नाही अशा लोकांनाही गमावलेली उंची परत मिळवायची सोय करावी लागली.

‘गाडी माझी, मी काहीही करीन’ हे कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला कारण ठरू शकतो. तरी मला कायद्यापेक्षा मागच्या सीटवरचा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण या निर्णयात त्याचं मत कोणी विचारलेलं नसतं आणि पाठीत दणका मात्र त्यालाच बसतो. दुसरी बाजूही सांगतो: जो माणूस बहुधा एकटाच, गुळगुळीत रस्त्यावर फिरतो आणि परवानगीच्या चौकटीत, जुळत्या शॉकअपसह वीस-पंचवीस मिलिमीटरवर थांबतो, त्याचं नुकसान थोडं असेल. पण पकड हवी असेल तर चांगले टायर, नवे शॉकअप, ताजे बुश आणि नीट केलेली अलाइनमेंट एवढ्याच पैशांत जास्त देतात, आणि उंचीला हात लागत नाही.

ज्याला तरीही आपल्या गाडीत वाव जास्त आहे असं वाटतं, त्याने तो मोजावा. गाडी आहे तशीच ठेवून गॅरेजमध्ये मागच्या शॉकअपचं डस्ट कव्हर वर सरकवायचं, चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा एक टाय घट्ट बांधायचा आणि तो खाली शॉकअपच्या तोंडाशी टेकवून ठेवायचा. मग घरच्या सगळ्यांना घेऊन, सामान भरून, नेहमीच्या रस्त्याने गावी जाऊन यायचं. दांडा जेवढा आत गेला असेल तेवढा तो टाय वर सरकून तिथेच थांबलेला असतो. तो टाय आणि बंप स्टॉप यांच्यामध्ये पट्टी धरायची. जेवढे मिलिमीटर दिसतील तेवढेच त्या गाडीत खरोखर मोकळे आहेत.