'नागीण' आणि बरगडीची शीर

'बरगडीतली शीर आखडली,' असे रुग्ण सांगतो तेव्हा त्यास नेमके काय अभिप्रेत असते? संस्कृत 'सिरा' या शब्दापासून आलेली 'शीर' बोलीत रक्तवाहिनीलाही लागते आणि मज्जातंतूलाही. शरीररचनेत या वस्तू भिन्न होत. बरगडीच्या खालच्या कडेस आतून एक खाच असते. तीतून वरून खाली नीला, रोहिणी व मज्जातंतू या क्रमाने तिन्ही एकत्र जातात. कृष्णाकाठी वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने मज्जातंतूस 'तंत्रिका' म्हटले. त्याच नदीकाठी, खाली कराडास, बोलण्यात 'शीर'च चालते.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नव्हे. छातीच्या भागात कण्यातून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. पहिल्या ११ बरगड्यांमधील फटींतून व बारावी शेवटच्या बरगडीखालून पुढे येते. उजवा तंतू उजव्या अंगापुरता, डावा डाव्या. दोहोंची हद्द मध्यरेषेपाशी संपते.

'नागीण' या रोगाचे स्वरूप यावरून उलगडते. कांजिण्या बऱ्या झाल्यावरही त्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींत सुप्त राहतात. वार्धक्यात वा प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यावर ते जागृत होऊन सामान्यतः एकाच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतात. म्हणून एका अंगास पुरळाचा पट्टा उठतो. ग्रीकांनी यास 'झोस्टर', म्हणजे कमरपट्टा, म्हटले. 'हर्पीस' हा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला असून तो धातू संस्कृत 'सृप्'चा सगोत्र आहे. अर्थात 'सर्प' व 'हर्पीस' एकाच कुळातले!

नागिणीचे तोंड व शेपटी मिळाली की रोगी दगावतो, हा समज मात्र रूपकास वस्तुस्थिती मानण्यासारखा आहे. मध्यरेषेशी थांबणारा तंतू वेढा पुरा करीत नाही; क्वचित दोन्ही अंगांस पुरळ उठले तरी वर्तुळ हे मृत्यूचे कारण ठरत नाही. खरा धोका विलंबाचा. विषाणुरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरते. डोळ्यालगतची नागीण दृष्टीस अपाय करू शकते, आणि वृद्धांत पुरळ मावळल्यावरही वेदना महिनोन्महिने टिकू शकते.

पुष्कळदा वेदना आधी येते, पुरळ मागाहून. तेव्हा रुग्ण 'शीर आखडली' एवढेच सांगतो. तो शब्द अशास्त्रीय म्हणून झिडकारू नये. दुखणे कोठून कोठवर जाते, एकाच अंगास आहे काय, हे विचारावे. बोलीतील शब्द परिभाषेच्या काट्यावर उतरला नाही, तरी निदानाची वाट बहुधा त्याच्यापासूनच सुरू होते.